मंत्रिसाहेबांची धर्मकन्या

अथेन्स, १८ नोव्हेंबर १९६३

प्रिय मिल्तोस,

"पेटी जाळून टाक" हे तुझं उत्तर मिळालं. पेटी तुझ्याच घरी आहे, मेलबर्नला, शेडमध्ये रंगाच्या डब्यांखाली. जाळायचीच असती तर बाबांना जाऊन झालेल्या या दोन वर्षांत तूच जाळली असतीस. तेव्हा तो विषय सोडू.

मृत्युपत्रात बाबांनी सरकारी कागद मला दिले आणि खाजगी पत्रव्यवहार तुला. तू तो टोमणा समजलास. जो मुलगा दफनाला आला नाही त्याला घरची पत्रं, आणि जिने युद्धातल्या मंत्र्याच्या निम्म्या तारा स्वतः टाइप केल्या तिला ताराच. मलाही त्याचा अर्थ लागला नाही. मी विचारलंही नाही, कारण विचारण्याजोगा माणूस तेव्हा चार खांद्यांवर होता.

मला पेटी नको. तुझ्याकडून एकच काम हवं आहे. १९४३ च्या जानेवारीत आईने गावाहून, क्रिओनेरीहून, कैरोतल्या परागंदा सरकारात असलेल्या बाबांना जी पत्रं लिहिली, ती उघड आणि त्यात कातिंगोच्या मुलीच्या बाप्तिस्म्याबद्दल काही आहे का ते बघ. ही पत्रं होडीवाल्यांच्या बुटांत लपून तुर्की किनाऱ्याला लागायची आणि तिथून आमच्याकडे यायची. कैरोत बाबांच्या नावे येणारा प्रत्येक कागद मी उघडत असे. फक्त आईची पत्रं ते माझ्या हातून घेत, बाल्कनीत जात आणि दार ओढून घेत.

कातिंगोची मुलगी म्हणजे स्मारो. तीन वर्षांपासून ती माझ्याकडे राहून सुईणीचं शिक्षण घेते आहे. तिला स्ताथिसशी लग्न करायचं आहे. हा गारुफालिया मावशींचा धाकटा, आपल्या गावाजवळच्या त्रिपोलीहून अथेन्सला बस चालवतो. मुलगा शांत आहे, वळणावरही हॉर्न एकदाच वाजवतो. पण बाबांनी १९३७ मध्ये धर्मपिता होऊन त्याचा बाप्तिस्मा केलेला आहे. आणि स्मारो, सगळं गाव जाणतं, बाबांची एकुलती धर्मकन्या.

तू तिकडे गेलास त्याला चौदा वर्षं झाली, पण हे विसरला नसशील. एकाच धर्मपित्याच्या हातचं तेल अंगाला लागलेली मुलं म्हणजे भाऊ-बहीण. त्यांचं लग्न होत नाही. म्हणून तर आपल्याकडचा प्रत्येक पुढारी एकतर फक्त मुलगे पत्करतो नाहीतर फक्त मुली, म्हणजे पुढे कुणाच्या सोयरिकीत आडवा येणार नाही. बाबांनी मुलगे पत्करले. तेव्हा बायकांना मत नव्हतं, हेही खरं. मग ही एक मुलगी मध्येच कुठून आली? त्या जानेवारीत बाबा माझ्यासमोर कैरोत गव्हाच्या जहाजासाठी इंग्रजांशी भांडत होते. चर्चमध्ये मूल हातात धरलं ते आईने. आता प्रश्न इतकाच आहे, की तिने ते कुणाच्या वतीने धरलं. चर्चचं पुस्तक चव्वेचाळीसच्या जाळपोळीत गेलं. बाप्तिस्मा देणारे पाद्री, पापा-लाम्ब्रोस, वारले. आई गेली. मुलाच्या आईने बाप्तिस्म्याला जायचं नाही या रिवाजाप्रमाणे कातिंगो घरी थांबली होती.

उरली तुझी पेटी.

एवांथिया


अथेन्स, ९ डिसेंबर १९६३

मिल्तोस,

होय, मी बाबांवर पुस्तक लिहिते आहे. तुला ते कुणी कळवलं हे मी विचारत नाही. मेलबर्नच्या कॉफीच्या दुकानात आपल्या गावाबद्दल गावापेक्षा जास्त माहिती असते. प्रकाशकाला खाजगी पत्रं हवी आहेत, हेही खरं. पण "एका गरीब पोरीचं लग्न पुढे करून तू पेटीत हात घालते आहेस" हे खरं नाही. पोरगी माझ्या स्वयंपाकघरात बसून आत्ता मसूर निवडते आहे आणि गेले चार दिवस जेवलेली नाही.

तू लिहितोस, "तुम्ही दोघं कैरोत पांढरा पाव खात होता." खात होतो. मी सतरा वर्षांची होते, फ्रेंच टाइप करता येत होतं, बाबांनी नाफ्प्लिओच्या धक्क्यावरून मला बोटीत चढवलं. तू आणि आई का मागे राहिलात ते मी तेव्हा विचारलं होतं. बाबा म्हणाले, "माझा निर्णय." यापेक्षा जास्त मला आजही माहीत नाही. तू त्याबद्दल बाबांशी बोलणं सोडलंस, ठीक. स्मारो तेव्हा जन्मलीही नव्हती.

परवा गारुफालिया मावशी आल्या होत्या. चीजची टोपली माझ्या टेबलावर ठेवली, काळा रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधला आणि थेट मुद्द्यावर आल्या.

"तुझ्या बापाने माझ्या स्ताथिसला तेल लावलं, पोरी. आणि त्याच हातांनी हिला."

"ते हात कैरोत होते, मावशी."

"असेनात का. सरकारही कैरोतच होतं ना? तरी सरकारच होतं."

यावर उत्तर तुला सुचलं तर कळव. बाबांनाही आयुष्यभर सुचलं नव्हतं.

त्या दुष्ट नाहीत. त्यांना मनापासून वाटतं की असल्या लग्नातून जन्मलेलं मूल जगत नाही. त्यांची दोन गेलेली आहेत. म्हणून त्या हट्टाने नाही, भीतीने बोलतात, आणि भीतीशी वाद घालता येत नाही. जाताना त्यांनी स्मारोच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तू माझी मुलगी होऊ शकतेस, सून नाही." त्या जिना उतरल्यावर पोरीने चीजची टोपली शेजारच्यांना देऊन टाकली.

एक आठवण तुझ्यासाठी. सेहेचाळीसच्या निवडणुकीत बाबा क्रिओनेरीच्या चौकात भाषण करत होते. कातिंगोने तीन वर्षांची स्मारो हातात फुलं देऊन पुढे ढकलली आणि ओरडली, "मंत्रिसाहेब, तुमची धर्मकन्या!" बाबांनी एक पळही न घालवता तिला उचलून खांद्यावर बसवलं. टाळ्या पडल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला प्रथम कोरेपणा दिसला होता, नंतर हसू. आणि मी आईकडे बघितलं, तर ती डोक्याच्या रुमालाआड हसत होती. घरी आल्यावर मी विचारलं, तशी म्हणाली, "उचलू दे. निवडणूक आहे."

या वाक्यावर मी सतरा वर्षांनी विचार करते आहे.

एवांथिया


अथेन्स, १० जानेवारी १९६४

प्रिय मिल्तोस,

तुझी अट मान्य. पेटीतली एकही ओळ पुस्तकात येणार नाही. आईची नाही, बाबांची नाही, तुझ्या लहानपणची चित्रं असली तर तीही नाहीत. तू पत्रं वाचायची, मला फक्त बाप्तिस्म्याचं कळवायचं.

प्रकाशकाकडे मी स्वतः गेले. श्री. देलिवासिस भला माणूस आहे, पण पुस्तकं विकतो. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाईसाहेब, मंत्र्याच्या तारा कोण वाचणार? गव्हाची जहाजं, विम्याचे दर, राजदूतांची जेवणं. लोकांना नवरा हवा असतो, बायको हवी असते. युद्धात तो तिला काय लिहीत होता ते हवं असतं." मी म्हटलं, ते मिळणार नाही. तो म्हणाला, मग पुस्तक निम्म्या जाडीचं होईल. मी म्हटलं, निम्म्या जाडीचं छापा. त्याने मार्चची तारीख ऑक्टोबरवर ढकलली आणि कॉफीही मागवली नाही. मी दहा वर्षं वर्तमानपत्रात काम केलंय, मजकूर कापला गेल्याचं दुःख मला नवं नाही. पण हा माझा सगळ्यात चांगला मजकूर असता, एवढं तुला ठाऊक असू दे.

तिथून मी त्रिपोलीला बिशपांना भेटायला गेले. स्ताथिसच्याच बसने. तो आरशातून दर दहा मिनिटांनी माझ्याकडे बघत होता. शेवटी मी त्याला सांगितलं की रस्त्याकडे बघ, मला जिवंतपणी बिशपांना भेटायचं आहे.

बिशप वयस्क आहेत, कान तीक्ष्ण, पाय सुजलेले. म्हणाले, नियमाच्या पुस्तकात असं लग्न थेट मना नाही. पण लोक मानतात, गावातला पापा-सोतिरिस मानतो, आणि मुलाची आई आक्षेप घेते आहे. आक्षेप उभा असताना ते परवानगीवर सही करणार नाहीत. बाप्तिस्मा मंत्र्यांच्या नावाने झाला नाही असं सिद्ध झालं, तर आक्षेपच उरत नाही.

"आणि सिद्ध कशाने होईल?" मी विचारलं.

"त्या दिवशी चर्चमध्ये जो होता त्याने सांगितलं तर."

त्या दिवशी चर्चमध्ये जे होते ते सगळे आता चर्चच्या मागच्या अंगणात आहेत, असं मी म्हणाले. ते म्हणाले, देव बघेल. मग त्यांनी मला बदामाची वडी दिली. देव बघतो आहे तोवर तू पत्रं बघ.

एवांथिया


अथेन्स, २० फेब्रुवारी १९६४

माझ्या मिल्तोस,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा जिन्यात, एकदा स्वयंपाकघरात उभ्याने आणि एकदा स्मारोला मोठ्याने. तिसऱ्या वेळी मध्यावर मी कागद तिच्या हातात दिला, पुढचं तिने वाचलं.

पेटीत बाप्तिस्म्याबद्दल एक अक्षर नाही, हे मला कळायला हवं होतं. होडी पकडली गेली असती तर पत्र आपला मुलूख ताब्यात घेतलेल्या इटालियनांच्या हातात पडलं असतं, आणि मंत्र्याच्या बायकोने कुणाचं मूल पत्करलं हे त्यांना कशाला सांगायचं? तेव्हा आईने मीठ, बूट, बर्फ आणि तुझी खरूज एवढंच लिहिलं. शहाणी बाई.

पण तुझ्या पत्रातल्या त्या दुसऱ्या पानाबद्दल आधी बोलते, कारण तू ते असं लिहिलं आहेस जणू मोटारीच्या सुट्या भागांची यादी आहे. १९४१ च्या मे मधलं आईचं पत्र. तू उतरवून पाठवलेली ओळ मी पुन्हा लिहिते, म्हणजे ती माझ्याही हाताखालून जाईल: "मी आले नाही ती माझ्या मर्जीने, माझ्या आजारी आईला तशी टाकून मला येववलं नसतं; पण मिल्तोसला हे सांगू नका. त्याला कुणावर तरी रागवायचं असेल तर तुमच्यावर रागवू दे, तुम्ही लांब आहात, मी इथे रोज त्याच्यासमोर आहे."

आणि बाबांनी सांगितलं नाही. ती गेल्यावरही नाही. मला धक्क्यावर म्हणाले, माझा निर्णय. तुला वीस वर्षं तेच म्हणत राहिले. तोंडाने सांगायचं नाही असं कबूल केलं होतं. कागद द्यायचा नाही असं कबूल केलं नव्हतं. पेटी तुला का, याचं उत्तर माझ्यापुरतं मिळालं. तुझ्यापुरतं तू बघ.

आता तिसरं पान. तू लिहितोस की आईच्या त्या जानेवारीच्या पत्रात बर्फाचा उल्लेख वाचला आणि अंजिरं आठवली. मिल्तोस, तू तिथे होतास. गावातली मुलं चर्चच्या दारात उभी होती, नाव उच्चारलं जाताच कातिंगोकडे धाव ठोकायला. पहिला जो नाव पोहोचवतो त्याला बाळाची आई बक्षीस देते, म्हणून तू सगळ्यांत पुढे, दाराच्या आत, बाप्तिस्म्याच्या घंगाळापासून चार हातांवर उभा होतास. बाकीची पोरं बर्फात घसरली, तू पहिला पोहोचलास, कातिंगोने दोन सुकी अंजिरं दिली. एक आईसाठी ठेवायचं होतं आणि तू ते वाटेतच खाल्लंस. त्या उपाशी वर्षी अकरा वर्षांच्या पोराला अंजिरं आठवणारच. आणि अंजिरांआधी काय ऐकलंस तेही तुला आठवतं, आणि तू ते लिहून पाठवलंस.

मी दुसऱ्याच दिवशी ते पत्र घेऊन बिशपांकडे गेले. निवडणुकीचे झेंडे अजून रस्त्यावर लोळत होते. त्यांनी पत्र डोळ्यांजवळ नेऊन नीट वाचलं, घडी घातली, परत दिलं.

"एवांथिया बाई, तुमच्या घरातल्या कागदावर मी निकाल देऊ? तुमच्या वडिलांनी सबंध आयुष्य कागदच लिहिले. एकदा त्यांनी मला लिहून दिलं होतं की क्रिओनेरीला रस्ता झालेला आहे."

वकिलातीचा शिक्का आणून देते म्हटलं. ते म्हणाले, शिक्क्याला मी प्रश्न विचारू शकत नाही. माणूस आणा.

एवांथिया


अथेन्स, ५ मार्च १९६४

मिल्तोस,

थोडक्यात लिहिते, विमानाची डाक दुपारी निघते.

गारुफालिया मावशींनी ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी स्ताथिसचा साखरपुडा ठरवला आहे. मुलगी गिरणीवाल्यांची, नात्यात कुणाशी तेल लागलेलं नाही याची त्यांनी तीन गावांत चौकशी केली. स्ताथिस "नाही" म्हणाला, तर त्या चुलीसमोर बसल्या आणि दोन दिवस पाणीही घेतलं नाही. तो आता काहीच म्हणत नाही. स्मारोने जर्मनीतल्या एका रुग्णालयाचा अर्ज भरला आहे. तिची बॅग माझ्या पलंगाखाली आहे. मी झाडू मारताना ती दर वेळी थोडी जड झालेली असते.

ईस्टरनंतर उपयोग नाही. मोठ्या उपवासाचा शेवट होण्याआधी बिशपांपुढे उभा राहायला एक माणूस हवा, आणि असा जगात एकच उरला आहे.

मला माहीत आहे, तिकीट परवडणारं नाही, सुट्टी मिळणारी नाही, आणि इथे येणार नाही असं तू धक्क्यावर ओरडून सांगितलं होतंस, मी ऐकलं होतं. हे मी बाबांसाठी मागत नाही. आईसाठीही नाही. ती पोरगी एकवीस वर्षं ज्याची कुणी नव्हती त्याची मुलगी म्हणून वाढली. तिच्या वाट्याला त्यातून शिक्षण आलं, माझी खोली आली, आणि आता एवढी एकच गोष्ट तिला हवी आहे तर तेच आडवं येतं आहे. तू चार वाक्यं बोललास तर ते सुटतं.

येत असशील तर तार कर. येत नसशील तर मला लिहू नको, तिला लिही.

एवांथिया


पिरेयस बंदर, २२ एप्रिल १९६४
(जहाजाच्या कचेरीत, "आगवाला मिल्तोस कालूदिस" यांना द्यावे)

मंत्र्याचा मुलगा तिकिटाच्या बदल्यात कोळसा ओढत समुद्र ओलांडून येतो आहे, हे कचेरीतल्या कारकुनाला सांगितलं तर त्याचा विश्वास बसला नाही. "इंजिनवाले उशिरा सुटतात, बाई," म्हणाला. मी पुढच्या कॉफीच्या दुकानात बसले आहे, राखाडी कोट. बिशपांनी शनिवारी सकाळी, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, वेळ दिली आहे. तुझं जहाज सोमवारी सुटतं हे मला माहीत आहे. दाढी करून ये. आणि ओळखलं नाहीस तर हाक मार, मीही कदाचित ओळखणार नाही.

ए.


क्रिओनेरी, १२ मे १९६४

माझ्या लाडक्या मिल्तोस,

हे पत्र तुझ्याआधी मेलबर्नला पोहोचेल. तू घरी जाशील तेव्हा ते दाराखाली पडलेलं असेल, म्हणून सगळं लिहिते. तू जे पाहिलंस तेही थोडं लिहिते, कारण तू बिशपांकडे तोंड करून उभा होतास आणि तुझ्या पाठीमागे काय झालं ते तुला दिसलं नाही.

बिशप मुद्दाम आडून विचारत होते. घंगाळ कुठे ठेवलं होतं, पाणी कुणी तापवलं. तू म्हणालास, पाणी कोमटही नव्हतं, सरपण इटालियनांनी नेलं होतं, मूल किंचाळत होतं. श्रद्धेची प्रार्थना कुणी म्हटली? आईने, आणि मध्येच अडखळली, पापा-लाम्ब्रोसनी पुढचा शब्द सांगितला. बिशपांनी मान हलवली. इथवर गारुफालिया मावशी भिंतीशी हात बांधून बसल्या होत्या, चेहरा गिरणीच्या दगडासारखा. आई मूल धरून होती हे त्यांनी कधी नाकारलंच नव्हतं.

मग बिशपांनी तो प्रश्न विचारला. तेल लावण्याआधी पापा काय म्हणाले?

तू म्हणालास, "पापा-लाम्ब्रोस म्हणाले, मंत्रिसाहेबांच्या वतीने ना? आई म्हणाली, मंत्रिसाहेब इथे आहेत का? थंडीने बोटं माझी गळताहेत, तेल मी लावते, नाव मी देते, आणि वतीने मात्र त्यांच्या? त्यांचे मुलगे गावभर झालेत. ही माझी. हिचं नाव माझ्या आईचं, स्माराग्दा, आणि धर्ममाता म्हणून लिहा अस्पासिया."

मिल्तोस, तू ते सांगितलं नाहीस. तू ते आईच्या आवाजात म्हणालास, तिच्यासारखा "मात्र" वर जोर देऊन. तुझं तुला कळलं नसेल. आणि मागे खुर्ची सरकली. गारुफालिया मावशी उभ्या राहिल्या होत्या.

"हे अस्पासियाचं बोलणं आहे," त्या म्हणाल्या. "हे कुणी बनवू शकत नाही. मूठभर मीठ द्यायची तरी असंच बोलून द्यायची."

बिशप म्हणाले, "म्हणजे आक्षेप?"

"कसला आक्षेप, देस्पोता. मुलगी तिची म्हटल्यावर माझ्या मुलाची कोण लागते?" आणि मग तू वळायच्या आत त्या भिंतीकडे तोंड करून रडल्या. इतके महिने त्या कशाशी भांडत होत्या ते मला तेव्हा दिसलं. त्यांनाही सून हवीच होती. फक्त घाबरायला कारण उरायला नको होतं.

बिशपांनी सही तिथेच केली. सही करताना तुला म्हणाले, "तुझ्या बापाने माझ्यासमोर सत्तर भाषणं केली, असं एकही नव्हतं." तू म्हणालास, भाषण नाही, निरोप आहे. मला ते उत्तर आवडलं, पण पुस्तकात घालणार नाही, अट म्हणजे अट.

आता परवाचं. लग्न रविवारी, दुपारी, वाऱ्यात. क्रिओनेरीत मी इतकी माणसं युद्धानंतर पाहिली नव्हती. बाबांचे धर्मपुत्र तीन बसगाड्या भरून आले. स्ताथिसच्या सोबत्यांनी गाड्या मार्गावरून काढल्या आणि त्रिपोलीच्या लोकांना त्या दिवशी बस मिळाली नाही. दारात पापा-सोतिरिसने बिशपांचा कागद मोठ्याने वाचला: स्माराग्दा, कातिंगोची मुलगी, अस्पासिया कालूदीची धर्मकन्या. बाबांच्या सगळ्या पेट्यांत आईचा उल्लेख "सौ. मंत्री" किंवा "कुटुंब" असाच आहे. चर्चच्या दारात, अख्ख्या गावासमोर, तिचं नाव एकटं, मी पहिल्यांदाच ऐकलं. कातिंगो माझ्या शेजारी उभी होती. तिला विचारलं, तुला खरंच माहीत नव्हतं का गं? म्हणाली, "संशय होता. पण मंत्रिसाहेबांनी पोरीला खांद्यावर घेतल्यावर मी कशाला बोलू? आणि अस्पासिया माझ्याकडे बघून डोळा मिचकावून गेली, मग तर नाहीच."

मग गंमत झाली. धर्मपुत्रांच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. हे सगळे एकवीस वर्षं स्मारोला बहीण म्हणत आले, तिच्या वाटेला कुणी गेला तर बदडत आले, नाताळला तिला मिठाई पाठवत आले. पोस्टातला आरगीरिस पहिला पुटपुटला, "म्हणजे ती आमची कोणीच लागत नव्हती?" दुसरा म्हणाला, "सगळ्यात सुंदर मुलगी, आणि आम्ही तिच्यासाठी स्थळं शोधत होतो." तिसऱ्याची बायको शेजारीच उभी होती, त्याने तोंडच उघडलं नाही, तरी तिने त्याला कोपर मारलं. स्ताथिस हे सगळं ऐकत डोक्यावर मुकुट घालून उभा होता आणि त्याला हसू आवरेना. पापाने त्याला दोनदा दटावलं.

नवरानवरीच्या डोक्यांवरचे मुकुट मी बदलले. लग्नातली साक्षीदार मीच. तुझ्या वाटणीचे साखर लावलेले बदाम पुडीत ठेवले आहेत.

जेवणानंतर चौकात क्लारिनेटवाले बसले. नाचाची पुढारी जी असते तिने गाणं मागायचं, कुणासाठी तेही सांगायचं. गारुफालिया मावशी उठल्या. काळा रुमाल सोडला आणि हातात धरला. रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण मावशी त्यांची दोन मुलं गेल्यापासून नाचलेल्या नव्हत्या. क्लारिनेटवाल्याने अदबीने विचारलं, "मंत्रिसाहेबांच्या आवडीचं वाजवू?"

"त्यांचं पुष्कळ वाजवून झालंय," मावशी म्हणाल्या. "अस्पासियासाठी वाजव. तिला काय आवडायचं ते तुला माहीत नसेल. कुणालाच माहीत नाही. तेव्हा जे येतं त्यातलं सगळ्यात जोरातलं वाजव."

त्याने गाल फुगवले आणि सुरुवात केली. मावशींनी स्मारोचा हात धरला, स्मारोने कातिंगोचा, कातिंगोने माझा. मला पावलं येत नाहीत, कैरोत कुणी शिकवली नाहीत. पहिल्या फेरीला मी दोघींच्या पायांवर पाय दिले. दुसऱ्या फेरीला मावशी पुढून ओरडल्या, "खाली बघू नको पोरी, वर बघ." मी वर बघितलं आणि नाचले.

तुझी
एवांथिया